चोवीस बाइटांचं 'संपादकीय'

"अरे, व्हायरस आलाय. डिलीट मारू का सगळं?"

फेब्रुवारी २००६. रात्रीचे पावणेअकरा. मी मोहन्याला घरी, आणि फोनवर हॉस्टेलमधून माझा रूममेट. हा रूममेट त्या वर्षी आपल्याच मासिकाच्या मराठी विभागाचा संपादक होता, आणि आम्ही त्याला नावाने न बोलावता 'संपादक' म्हणूनच हाक मारायचो. सकाळी दहा वाजता छापखान्याचा माणूस प्रिंट न्यायला येणार होता. सतरा लेख, त्यातले निम्मे असे की ज्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. आणि ते सतराच्या सतरा लेख ज्या सर्व्हरवर होते तो मी उभा केलेला!

"कशालाही हात लावू नकोस," मी ओरडलो. आई झोपेतून उठली.

हा लेख त्या रात्रीबद्दल आहे, पण खरं तर तो सर्व्हर बिघडला की शोध कुठून सुरू करायचा याबद्दल आहे. (कमांडी सगळ्या देवनागरीत छापल्या आहेत. टाईप करताना रोमनमध्येच करा, नाहीतर मला फोन येतील.)

आधी तो सर्व्हर काय होता ते सांगतो, कारण तो जरा वेडेपणाच होता. तो मेनफ्रेम होता. म्हणजे खरा नव्हे. खऱ्या मेनफ्रेमला हॉस्टेलच्या खोलीचं दार पुरलं नसतं. 'हर्क्युलिस' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, १९९९ साली रॉजर बाऊलर यांनी सुरू केलेलं. ते साध्या पीसीवर आयबीएमच्या सिस्टीम/३७०, ईएसए/३९० आणि पुढे झेड/आर्किटेक्चर या यंत्रांची नक्कल करतं. आमच्या खोलीतल्या पेंटियम ४ वर, ५१२ एमबी रॅममध्ये, फेडोरा कोअर ४ चालायचं. त्याच्या पोटात हर्क्युलिस आणि हर्क्युलिसच्या पोटात एस/३९० साठीचं डेबियन ३.१, म्हणजे 'सार्ज'. त्यावर सांबा. गर्भातल्या गर्भात गर्भ!

तुम्ही म्हणाल, फाईल शेअर करायच्या होत्या तर सरळ फेडोरावर सांबा का नाही टाकला? बरोबर आहे. दहापट वेगाने चालला असता. पण त्या वर्षी मुंबई-पुण्याच्या कंपन्या मेनफ्रेमसाठी मुलं उचलत होत्या आणि आमच्यापैकी एकानेही मेनफ्रेम डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. म्हटलं, निदान त्याच्या कन्सोलवर बोटं तरी चालवू.

आपल्याकडे मोठ्या यंत्रांची परंपरा जुनी आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरने स्वतः बांधलेला टिफ्रॅक १९६० साली चालू झाला, आणि १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० आलं. पण ती यंत्रं वापरणाऱ्याला लिनक्स वगैरे ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. मेनफ्रेमवर लिनक्स आलं ते डिसेंबर १९९९ मध्ये. जर्मनीत आयबीएमची ब्योब्लिंगेनला प्रयोगशाळा आहे, तिथल्या मंडळींनी आपलं काम जाहीर केलं. ऑक्टोबर २००० मध्ये सुसेने मेनफ्रेमसाठी लिनक्स विकायला काढलं. आणि त्याच वर्षाच्या शेवटी स्वीडनच्या टेलिया या टेलिफोन कंपनीने सत्तर सर्व्हरांच्या जागी एकच एस/३९० घेऊन त्यात शेकडो लिनक्स चालवायचं जाहीर केलं. तिथे कल्पना अशी की एक भक्कम यंत्र घ्यायचं, त्यावर झेड/व्हीएम घालायचं आणि त्याच्या आत हवे तेवढे लिनक्स. एखाद्या चाळीसारखं. भिंती आपापल्या, पण छप्पर आणि पाण्याची टाकी एकच.

सांबाची गोष्ट तर त्याहून मजेची. विंडोज ज्या भाषेत फाईल शेअर करतं तिला एसएमबी म्हणतात. ती १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमच्या बॅरी फायगेनबॉम यांनी मांडली, मायक्रोसॉफ्टने पुढे वाढवली. ऑस्ट्रेलियातला विद्यार्थी अँड्र्यू ट्रिजेल याने १९९१-९२ च्या सुमारास तारेवरून जाणारे पाकिटांचे बाइट बघून बघून तिची युनिक्सवरची आवृत्ती लिहिली. नाव हवं होतं तेव्हा त्याने शब्दकोशाच्या फाईलमध्ये एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले, त्यात 'सांबा' निघाला. म्हणजे मेनफ्रेमवर सांबा चालवणं हे आयबीएमचं पोर फिरून फिरून आजोळी येण्यासारखंच झालं.

असो. त्या रात्रीकडे येऊ.

पावणेअकराचा हा दुसरा फोन होता. पहिला सव्वादहाला येऊन गेला होता. तेव्हाचं भारनियमन आठवतंय का? हॉस्टेलवर नऊला लाईट गेली, यूपीएसने पाच-सात मिनिटं दम धरला आणि मान टाकली. इकडे मोहन्यातही अंधारच. मी कंदिलाशेजारी बसून लँडलाईनवर बोलत होतो. (लँडलाईनला घरची वीज लागत नाही, एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट त्याच तारेतून येतात. त्या रात्री या गोष्टीचं महत्त्व कळलं.) दहाला हॉस्टेलची लाईट आली. संपादकाने पीसी चालू केला, हर्क्युलिस सुरू केलं आणि मी शिकवल्याप्रमाणे 'आयपीएल १२०' टाईप केलं. आयपीएल म्हणजे आपलं बूट करणं. १२० हा डिस्कचा पत्ता. मेनफ्रेमवर सी, डी ड्राईव्ह नसतात, प्रत्येक उपकरणाला नंबर असतो आणि डिस्कला 'डॅसडी' म्हणतात. आमची डिस्क ३३९० मॉडेल ३ ची नक्कल होती, ३३३९ सिलिंडरांची. ४ केबीच्या ब्लॉकमध्ये फॉरमॅट केल्यावर तिच्यात साधारण २.३ जीबी मावतात. म्हणून तर सिनेमे ठेवायला मनाई होती. लोक चिडायचे.

लिनक्स उठलं. ईएक्सटी३ ने जर्नल वाचून स्वतःला सावरून घेतलं. पण खोली नंबर ९ मधल्या विंडोज एक्सपीवरून, जिथे प्रिंटर जोडलेला होता तिथून, सर्व्हर उघडेना. 'नेटवर्क पाथ सापडला नाही.'

अशा वेळी माणूस पहिल्यांदा काय करतो? एसएमबी डॉट कॉन्फ उघडून त्यात ढवळाढवळ करतो. मीही पूर्वी केलीय. ते करायचं नाही. आधी सर्व्हरच्या पोटात जाऊन त्यालाच विचारायचं, बाबा, तू जिवंत आहेस का? मी संपादकाला एसएसएचने आत जायला सांगितलं. (कन्सोलवरून नाही. ३२७० प्रकारच्या कन्सोलवर एक एक ओळ पाठवायची असते, तिथे व्हीआय उघडत नाही. पहिल्या आठवड्यात मी त्यावर 'ईडी' वापरून फाईल सुधारल्यात, शत्रूवरही ती वेळ येऊ नये.)

"एसएमबीक्लायंट, डॅश मोठा एल, लोकलहोस्ट, डॅश मोठा एन," मी म्हणालो.

शेअरची यादी आली. म्हणजे सांबा ठणठणीत. टेस्टपार्मनेही कुरकुर केली नाही. आता दोष सर्व्हरमध्ये नाही, रस्त्यात आहे हे ठरलं, आणि निम्मं घर झाडून झालं.

मग पिंग. फेडोरावरून आतल्या लिनक्सला: जातंय. खोली ९ मधून फेडोराला: जातंय. खोली ९ मधून आतल्या लिनक्सला: नाही. तीन पिंगांत गुन्हेगार सापडला. दोन्ही टोकं बरी आहेत, फक्त मधला फेडोरा एकाकडचं दुसऱ्याकडे देत नाहीये.

इथे हर्क्युलिसचं नेटवर्क समजून घ्यायला हवं, कारण खऱ्या मेनफ्रेमवरही याच जातीचे घोटाळे होतात. आमच्या आतल्या लिनक्सला इथरनेट कार्ड नव्हतंच. त्याच्याकडे सीटीसी होतं, चॅनल टू चॅनल. म्हणजे दोन टोकांची एक नळी: एक टोक आतल्या लिनक्सकडे, दुसरं फेडोराकडे. आतल्याचा पत्ता १९२.१६८.१.५०, म्हणजे हॉस्टेलच्याच लॅनमधला. खोली ९ चं एक्सपी लॅनवर आरोळी ठोकतं, "५० नंबर कोण आहे?" पण ५० नंबर लॅनवर नाहीच, तो नळीच्या पलीकडे बसलाय, त्याला आरोळी ऐकू येत नाही. तेव्हा फेडोराने वॉचमनसारखं उत्तर द्यायचं: "त्यांचं टपाल माझ्याकडे द्या, मी पोचवतो." याला प्रॉक्सी आर्प म्हणतात. आणि हातात आलेलं दुसऱ्याचं टपाल पुढे ढकलायचं, ते आयपी फॉरवर्डिंग. ही दोन्ही बटणं मी ऑक्टोबरमध्ये प्रॉक डिरेक्टरीत 'इको १' करून हाताने दाबली होती. ती मशीन चालू असेपर्यंतच टिकतात. चार महिने फेडोरा एकदाही बंद झाला नव्हता, त्यामुळे माझी चूक चार महिने झाकून राहिली. लाईट गेल्यावर बटणं परत शून्यावर.

संपादकाने दोन ओळी टाईप केल्या. खोली ९ मधून पिंग जायला लागलं. मी फोन ठेवला आणि स्वतःवर खूष होऊन कंदील बारीक केला.

याच नळीमुळे आणखी एक भानगड आधीपासून होती, तीही सांगतो. विंडोजच्या 'नेटवर्क नेबरहूड'मध्ये आमचा सर्व्हर कधीच दिसायचा नाही. अर्धं हॉस्टेल म्हणायचं, सर्व्हर बंद आहे. बंद नव्हता. ती यादी नेटबायॉसच्या आरोळ्यांवर, म्हणजे यूडीपी १३७ आणि १३८ वरच्या ब्रॉडकास्टवर बनायची, आणि नळीतून ब्रॉडकास्ट जात नाही. फाईली मात्र टीसीपी १३९ किंवा ४४५ वरून येतात, त्यांना काही अडचण नाही. म्हणून 'दिसत नाही' आणि 'चालत नाही' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, हे मी तेव्हा नाक्यावरच्या माणसालाही समजावून सांगत असे. उपाय म्हणून सांबातच विन्स चालू केलं आणि प्रत्येक खोलीत जाऊन एक्सपीमध्ये त्याचा पत्ता टाकला. मग नावाने उघडायला लागलं. बावीस खोल्या. चहा बारा ठिकाणी मिळाला.

आणि एमटीयूचा किस्सा. सुरुवातीला यादी दिसायची, लहान फाईल यायची, पण मोठी कॉपी करायला घेतली की मध्येच लटकायची. नळीच्या एका टोकाला मी पाकिटाची मर्यादा १५०० ठेवली होती, दुसऱ्या टोकाला १४९२. लहान पाकिटं जायची, पूर्ण भरलेलं पाकीट वाटेत गळायचं. साधं पिंग हे पकडत नाही कारण ते चिमुकलं असतं. मुद्दाम मोठं पिंग पाठवायचं: 'डॅश एम डू, डॅश एस १४७२'. १४७२ मध्ये हेडरचे २८ मिळवले की बरोबर १५००. खऱ्या झेडसिरीजवर हायपरसॉकेट्सचे एमटीयू याहून कितीतरी मोठे असतात, तिथे ही तफावत जास्तच छळते.

तर, दुसरा फोन. "व्हायरस आलाय."

खोली ९ मधून फोल्डर उघडला, तर इंग्रजी नावांच्या जुन्या फाईली जशाच्या तशा, पण मराठी विभागाच्या सतरा फाईलींच्या नावांच्या जागी कचरा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग युरोचं चिन्ह, मग एखादं भलतंच अक्षर, परत तोच ए, परत युरो. आणि एसएसएचने आत जाऊन 'एलएस' केलं तर नुसती प्रश्नचिन्हं.

"लाईट गेली तेव्हा डिस्क खराब झाली असणार," संपादक म्हणाला. आवाज रडवेला. "मी संध्याकाळीच सगळं इकडे हलवलं रे. फेडोरावरचं उडवलं, जागा नव्हती म्हणून."

माझ्या पोटात गोळा आला. लाईट गेली आणि फाईली बिघडल्या, दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या की पहिलीमुळे दुसरी झाली असंच वाटतं. मलाही तेच वाटलं. पण एक गोष्ट खटकत होती. डिस्क खराब होताना ती मराठी-इंग्रजी असा भेदभाव कशाला करेल?

"सगळ्यात नवीन फाईल कुठली?" 

"संपादकीय. शेवटी लिहिलं."

"एलएस डॅश टी कर. पहिलं नाव कसं दिसतंय?"

"प्रश्नचिन्हं रे, सांगितलं ना. आणि पुढे डॉट डीओसी."

"किती प्रश्नचिन्हं?"

"काय?"

"मोज."

त्याने मोजली. चोवीस. परत मोजायला लावली. चोवीस.

मी कंदिलाच्या उजेडात वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं: स, अनुस्वार, प, काना, द, क, दीर्घ वेलांटी, य. आपण डोळ्यांनी पाच अक्षरं पाहतो, पण युनिकोडच्या हिशोबाने ही आठ चिन्हं आहेत. आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. आठ त्रिक चोवीस!

म्हणजे फाईलचं नाव डिस्कवर अख्खं होतं, एकही बाइट न हरवता. सार्जचं लोकेल मी बदललेलं नव्हतं, ते अस्की सोडून काही ओळखत नव्हतं, म्हणून 'एलएस' प्रत्येक अनोळखी बाइटमागे एक प्रश्नचिन्ह छापत होतं. खात्री करायला 'एलएस डॅश टी'चा निकाल 'हेड'मधून 'ओडी डॅश एक्स'कडे वळवायला सांगितला. पाईपमधून जाताना 'एलएस' प्रश्नचिन्हं घालत नाही, खरे बाइट देतं. संपादक वाचू लागला: "ई शून्य ए चार, बी आठ ई शून्य, ए चार आठ दोन, ई शून्य ए चार..." ई०, ए४, बी८ म्हणजे स. ई०, ए४, ८२ म्हणजे अनुस्वार. फोनवर सोळाच्या पायात 'संपादकीय' ऐकण्याचा असा योग आयुष्यात परत आला नाही.

इथे थोडं विषयांतर, पण मेनफ्रेमवर ते टाळता येत नाही. हीच कमांड तुम्ही आपल्या पीसीवर चालवलीत तर पहिला गट 'ई०ए४' असा दिसणार नाही, 'ए४ई०' असा उलटा दिसेल. 'ओडी डॅश एक्स' दोन दोन बाइटांचा एक आकडा मानून छापतं, आणि मोठा भाग आधी की लहान भाग आधी हे प्रोसेसरवर ठरतं. एस/३९० मोठा भाग आधी ठेवतं, इंटेल लहान. यात अवघड काही नाही, आपण मराठीत रोजच करतो: लिहिताना २५, दोन आधी, आणि बोलताना पंचवीस, पाच आधी. आकडा तोच. पण बोललेलं कोणी लिहिल्याच्या क्रमाने वाचलं तर ५२ होणार. ४४५ हा पोर्ट नंबर दोन बाइटांत ०१ बीडी असा लिहितात. उलटा वाचला तर ४८३८५ होतो. एसएमबीच्या पाकिटातले आकडे इंटेलच्या क्रमाने जातात, आणि सांबाच्या कोडमध्ये प्रत्येक ठिकाणी तो क्रम सांभाळणारे मॅक्रो आहेत, म्हणून ते मेनफ्रेमवर बिनबोभाट चालतं. मात्र कोणी घाईत लिहिलेला सी प्रोग्रॅम पीसीवर बरोबर आणि इथे वेडं उत्तर देत असेल, तर संशय याच गोष्टीवर घ्या.

आणि एबसिडिकवर घेऊ नका. मेनफ्रेम म्हटलं की लोकांना तो जुना अक्षरसंच आठवतो. फायनल इयरचा एक जण छातीठोकपणे सांगून गेला होता की मराठी नावं एबसिडिकमुळे बिघडतील. मेनफ्रेमवरचं लिनक्स आतून अस्की आणि यूटीएफ-८ च वापरतं. एबसिडिक फक्त काठाकाठाने भेटतं, ३२७० कन्सोलशी बोलताना किंवा डिस्कच्या लेबलवर.

बाइट बरोबर, तरी विंडोजला कचरा दिसतोय, तर चूक दुभाष्याची. सांबा ३ विंडोजशी युनिकोडमध्ये बोलतं, पण डिस्कवरची नावं कुठल्या लिपीसंचात आहेत हे त्याला 'युनिक्स कॅरसेट' या ओळीतून कळतं. ती ओळ लिहिलीच नाही तर ते यूटीएफ-८ धरून चालतं. मी शहाणपणा करून एका मासिकाच्या सीडीवरची नमुना फाईल जशीच्या तशी उचलली होती आणि त्यात लिहिलं होतं आयएसओ८८५९-१५. हा पश्चिम युरोपचा संच. त्यात ई० म्हणजे तिरकी रेघवाला ए आणि ए४ म्हणजे युरो! देवनागरीतल्या बऱ्याच चिन्हांची सुरुवात ई० ए४ ने होते (उरलेल्यांची ई० ए५ ने), म्हणून ती ए-युरो, ए-युरोची माळ. चूक पहिल्या दिवसापासून तिथे होती. चार महिने कोणी मराठी नावाची फाईल ठेवली नाही, म्हणून दिसली नाही. संपादक मात्र अभिमानाने फेडोरावर युनिकोडमध्ये टाईप करायचा, नावंही देवनागरीत द्यायचा, आणि त्याच संध्याकाळी त्याने एससीपीने फाईली सरळ आत ढकलल्या होत्या. एससीपी नावाचे बाइट जसेच्या तसे नेतं, ते कशाला दुभाष्या होतंय! लाईटचा याच्याशी काहीही संबंध नव्हता.

ओळ बदलली, टेस्टपार्म चालवलं, सांबा परत सुरू केलं. "आता खिडकी बंद करून परत उघड."

थोडा वेळ शांतता. मग: "आता चौकोन दिसतायत."

मी अक्षरशः टाळी वाजवली. चौकोन ही आनंदाची बातमी होती, पण ते त्याला पटवणं कठीण गेलं. प्रश्नचिन्ह, कचरा आणि चौकोन ही तीन वेगळी दुखणी आहेत. प्रश्नचिन्ह असेल तर मधल्या कोणीतरी अक्षर ओळखायला नकार दिलेला असतो, आणि ते नुसतं दाखवण्यापुरतं आहे की प्रश्नचिन्हच साठवलं गेलंय हे लगेच बघायला हवं, दुसरं असेल तर मूळ अक्षर गेलं. कचरा म्हणजे बाइट शाबूत, पण चुकीच्या संचाने वाचलेत. आणि चौकोन म्हणजे अक्षर बरोबर पोचलंय, फक्त ते काढून दाखवायला फॉन्ट नाही. एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांचा आधार मुळात टाकलेला नसायचा. कंट्रोल पॅनेलच्या रीजनल ऑप्शन्समध्ये 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या खुणेवर टिक करून एक्सपीची सीडी घालावी लागायची, तेव्हा कुठे मंगल फॉन्ट यायचा. रात्री साडेअकराला एक्सपीची सीडी शोधण्यासाठी संपादकाने तीन मजले पालथे घातले. ती निघाली मेसच्या टेबलाखाली, तिच्यावर कोणीतरी चहाचा कप ठेवायचा.

सव्वाबाराला त्याने फोनवर मला वाचून दाखवलं: "संपादकीय डॉट डीओसी." सतरा मोजल्या. सतरा. दोन फाईली त्याने घाबरून मधल्या काळात ए१, ए२ अशा बारशाला घातल्या होत्या, पण नाव बदलल्याने आतला मजकूर बिघडत नाही.

उलटा प्रकार झाला असता, म्हणजे नावं डिस्कवरच चुकीच्या संचात लिहिली गेली असती, तर 'कन्व्हएमव्ही' हे साधन आहे. ते आधी नुसतं काय करणार ते दाखवतं, 'नोटेस्ट' सांगितल्याशिवाय खरं काही बदलत नाही. असा सभ्यपणा सगळ्या कमांडींत असता तर!

आज कोणाला हा खेळ करून बघायचा असेल तर काही गोष्टी बदलल्यात. ३१ बिटी एस/३९० चा आधार लिनक्सच्या कर्नलमधून २०१५ साली काढला, आता ६४ बिटी एस३९०एक्स घ्यावं लागेल. हर्क्युलिसची 'हायपेरियन' शाखा त्याला चालते. एसएमबीची पहिली आवृत्ती विसरा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय तिच्यातल्या भोकातून जगभर पसरला, आणि त्याच महिन्यात सांबातही एक गंभीर छिद्र जाहीर झालं. विंडोज १० ने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्या यंत्रांवर एसएमबी१ टाकणं सोडलं, सांबाने २०१९ च्या ४.११ मध्ये ते मुळात बंद ठेवलं. त्यामुळे जुना एक्सपी किंवा लॅबमधला जुना स्कॅनर नव्या सांबाशी बोलत नसेल तर पासवर्डला दोष देण्याआधी आवृत्ती बघा. आणि पासवर्डचाच दोष असेल तर लक्षात ठेवा, सांबाची पासवर्डची वही वेगळी असते, लिनक्सवर खातं उघडलं म्हणजे 'एसएमबीपासवर्ड'मध्ये नोंद झाली असं नाही. काहीच उमजेना तर 'लॉग लेव्हल ३' करून लॉग वाचायचा, आणि झालं की परत खाली आणायचं. आमची २.३ जीबीची डिस्क मी एकदा निव्वळ लॉगने भरून दाखवलीय.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटेची पहिली लोकल आंबिवलीवरून पकडली. हॉस्टेलवर पोचलो तेव्हा सतरा लेखांच्या प्रिंट टेबलावर गठ्ठ्याने बांधून ठेवल्या होत्या आणि संपादक बुटांसकट झोपला होता. छापखान्याला युनिकोड चालत नव्हतं, ते लोक प्रिंट बघून आपल्या फॉन्टमध्ये परत टाईप करणार होते. म्हणजे ज्या बाइटांसाठी रात्रभर जागलो ते तिथे कोणाला नकोच होते!

मी फेडोराच्या सिसीटीएल डॉट कॉन्फमध्ये दोन ओळी लिहिल्या, फॉरवर्डिंगची आणि प्रॉक्सी आर्पची. आतल्या डिस्कची अख्खी फाईल दुसऱ्या हार्डडिस्कवर उतरवली. मग मशीन मुद्दाम बंद करून चालू केलं, एकदा नाही, तीनदा, आणि दर वेळी खोली ९ मध्ये जाऊन 'संपादकीय' उघडून पाहिलं. तिसऱ्या वेळी पंख्याचा आवाज बंद-चालू झाल्याने संपादकाने एक डोळा उघडला.

"परत लाईट गेली?"

"नाही, झोप," मी म्हटलं.